ब्राह्मीचा पाला, म्हातारपण आणि रक्तदाबाची गोळी



गेल्या खरिपाच्या तोंडावर आपल्याच तालुक्यातल्या एका गावी सभेला गेलो होतो. बियाण्याची उगवण कशी तपासायची, बीजप्रक्रिया कशी करायची, हे नेहमीचे विषय बोलून झाले. सभा उठली, चहा आला. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक तात्या माझ्याजवळ येऊन बसले. कोपरीच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकची एक बाटली काढून माझ्या हातात दिली. बाटलीवर वर मेंदूचे चित्र आणि खाली हिरव्या पानाचे.

"सायब, तुमी झाडपाल्याचं शिकल्यालं. ह्यानं डोस्क्यात रगत चांगलं खेळतंय म्हनं. इसरायला हुत न्हाई. खरं हाय का?"

मी काही बोलायच्या आत शेजारचा एक तरुण शेतकरी म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या सायब. ही ब्राह्मी लावली तर परवडंल का तेवढं सांगा. आमच्या खालच्या पट्टीत गावच्या गटारीचं पाणी येतंय. बारमाही वल असती. काय न करता फोफावंल."

वनस्पती एकच, प्रश्न दोन. एक खाणाऱ्याचा आणि एक पिकवणाऱ्याचा. मला पुढच्या गावी जायचे होते. दोघांनाही घाईत काहीतरी सांगून मी निघालो. पण घरी आल्यावर चैन पडेना. कारण अशाच एका बाटलीपायी माझ्या स्वतःच्या घरात जे घडले ते मी सभेत सांगितले नव्हते. आज दोन्ही प्रश्नांची उत्तरे सविस्तर देतो आणि घरचेही सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. पीक, पाणी आणि चाचणी प्लॉट या तीन गोष्टी मला कळतात. त्यांच्या आधाराने जे सांगता येईल तेवढेच सांगतो.

डोक्याला पाणी कसे बसते

माणसाचा मेंदू वजनाने सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त एकटा मेंदू घेतो आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा खर्च करतो. दर मिनिटाला जवळपास पाऊण लिटर रक्त डोक्यातून फिरते. ऊस जसा इतर पिकांच्या मानाने पाण्याला खादाड, तसा मेंदू इतर अवयवांच्या मानाने रक्ताला खादाड. फरक एवढाच, की उसाला आठ दिवस ताण बसला तरी तो तग धरतो. मेंदूच्या एखाद्या भागाचे रक्त बंद झाले तर काही मिनिटांतच तिथल्या पेशी मरू लागतात.

आता ठिबकचा संच डोळ्यांसमोर आणा. पंपाचा दाब बेताचा आहे, लॅटरल मऊ आहे, ड्रिपर स्वच्छ आहेत, तोवर प्रत्येक झाडाला पाणी सारखे मिळते. दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला तर जोड सुटतात, नळी चिरते. पाण्यात क्षार असले तर ड्रिपर बुजतात आणि त्या ओळीची झाडे वाळतात. रक्तवाहिन्यांचेही जवळपास असेच आहे. वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखू आणि वाढते वय यांनी वाहिन्या कडक होतात, आतून अरुंद होतात. एखादी बुजली किंवा फुटली की त्याला आपण लकवा म्हणतो, डॉक्टर पक्षाघात म्हणतात. बारीक बारीक वाहिन्या एकेक करून बुजत गेल्या तर एकदम काही कळत नाही. माणूस हळूहळू विसरायला लागतो, चाल मंदावते, एकाच गोष्टीवर चिडतो. घरचे म्हणतात, वय झालं.

म्हणजे तात्यांचा प्रश्न काही भाबडा नव्हता. मेंदूतला रक्तप्रवाह आणि म्हातारपणची स्मरणशक्ती यांचा संबंध खरोखरच आहे. प्रश्न आहे तो बाटलीतल्या पाल्याने प्रवाह सुधारतो का, आणि सुधारला तर त्याचा उपयोग होतो का.

ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती?

आपल्याकडे ब्राह्मी या एका नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पहिली नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी, शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. ही ओलीच्या जागी जमिनीवर पसरते. पाने लहान, जाडसर, मांसल, दांड्यावर समोरासमोर जोडीने येतात. फूल पांढुरके किंवा फिकट जांभळे. चव कडू. दुसरी मंडूकपर्णी, कोकणात तिला कारिवणा म्हणतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. तिचे पान लांब देठाचे, गोलसर, घोड्याच्या टापेच्या आकाराचे. दोन्हींचे कूळ वेगळे, आतले घटकही वेगळे.

चरकसंहितेत बुद्धीला हितकारक अशी जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत त्यांत मंडूकपर्णी, यष्टीमधु म्हणजे ज्येष्ठमध, गुडूची म्हणजे आपली गुळवेल आणि शंखपुष्पी ही नावे आहेत. शंखपुष्पीच्या नावाखालीही बाजारात दोन-तीन वेगवेगळ्या वनस्पती येतात. तेव्हा खाणाऱ्याने बाटलीवरचे शास्त्रीय नाव वाचावे आणि लावणाऱ्याने रोप घेतानाच खात्री करावी. ज्वारी मागितली आणि बाजरी मिळाली, असा प्रकार औषधी वनस्पतींत फार चालतो.

चाचणी प्लॉट काय सांगतो?

आपण एखाद्या खताचे प्रात्यक्षिक घेतो तेव्हा शेजारी एक प्लॉट मुद्दाम तसाच ठेवतो. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय खताचा गुण की पावसाचा, हे कळत नाही. औषधाचेही असेच करतात. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय दिले हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. ही रीत लक्षात ठेवून पुढचे वाचा.

ब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम झाले. तिच्यातल्या मुख्य घटकांना बॅकोसाइड म्हणतात. थायलंडमध्ये उंदरांना आठ आठवडे ब्राह्मीचा अर्क देऊन पाहिला. २०१३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उंदरांच्या मेंदूतला रक्तप्रवाह सुमारे पाव हिश्श्याने वाढलेला आढळला. पण ते उंदीर होते, हे विसरू नये.

माणसांवरचे प्रयोग लहान आहेत. अमेरिकेत ओरेगन राज्यात ६५ वर्षांवरच्या ५४ जणांवर एक प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. रोज ३०० मिलिग्रॅम ब्राह्मीचा अर्क, १२ आठवडे. ऐकलेले शब्द थोड्या वेळाने आठवून सांगण्यात ब्राह्मी घेणारे पोकळ गोळी घेणाऱ्यांपेक्षा थोडे सरस ठरले. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांवरच्या ९८ जणांवर असाच प्रयोग झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्षही साधारण तसाच होता. मात्र ब्राह्मी घेणाऱ्यांत पोट बिघडणे, मळमळ, जुलाब या तक्रारी जास्त होत्या. या दोन्ही प्रयोगांतली माणसे मुळात धडधाकट होती. पंधरावीस गुंठ्यांच्या एका हंगामाच्या प्लॉटवरून आपण जिल्ह्याला शिफारस देत नाही. ब्राह्मीची गोष्ट आज तेवढ्यावर आहे. आशा आहे, पुरावा थोडा आहे.

दुसरी वनस्पती जिंको. हे चीनमधले झाड, आपल्या शेतात पिकत नाही. पण त्याच्या पानांचा अर्क असलेल्या कॅप्सूल आता तालुक्याच्या दुकानातही मिळतात आणि 'मेंदूचे रक्ताभिसरण' हे शब्द बहुतेक वेळा तिच्याच जाहिरातीत असतात. २०११ साली अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात नऊ पुरुषांना चार आठवडे जिंको देऊन एमआरआय यंत्राने मेंदूतला प्रवाह मोजला. तो थोडा वाढलेला दिसला. नऊच माणसे, आणि शेजारी तुलनेचा प्लॉट नाही. जाहिरात करणाऱ्याला मात्र तेवढेही पुरते.

पण जिंकोचा मोठा चाचणी प्लॉटही झालेला आहे. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३०६९ जणांना घेऊन, निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको आणि निम्म्यांना पोकळ गोळी दिली. सरासरी सहा वर्षे लक्ष ठेवले. २००८ साली निकाल लागला. स्मृतिभ्रंश झालेले जिंकोच्या गटात २७७ आणि पोकळ गोळीच्या गटात २४६. म्हणजे जिंकोने स्मृतिभ्रंश टळला नाही. फ्रान्समध्ये ७० वर्षांवरच्या २८५४ जणांवर पाच वर्षे असाच प्रयोग झाला. २०१२ साली त्याचाही निकाल तोच आला.

यात शेतकऱ्याला न कळण्यासारखे काही नाही. पाटाचे पाणी वाढले म्हणजे उतारा वाढलाच असे नसते. मुळे कुजली असतील, जमीन चोपण झाली असेल, तर वाढलेले पाणी वाहून जाते. यंत्रावर प्रवाह वाढलेला दिसणे ही एक गोष्ट आणि म्हातारा माणूस नातवाचे नाव न विसरणे ही वेगळी गोष्ट. बाटलीवरची जाहिरात या दोन गोष्टी एकच आहेत असे भासवते.

माझ्या घरात काय झाले

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. जन्मभर शेती केली. साठीनंतर त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी सुरू होती. पुढे ते विसरायला लागले. मोटार चालू केली की बंद करायची राहून जायची. आई वैतागायची.

मी त्याच सुमारास औषधी वनस्पतींच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. ब्राह्मीबद्दल जे ऐकले त्याने भारावलो होतो. येताना एक बाटली विकत घेतली आणि आण्णांच्या हातात ठेवली. म्हटले, "आण्णा, ह्यानं मेंदूला रक्तपुरवठा चांगला होतो. रोज घ्या." रक्तदाबाची गोळी बंद करा, असे मी म्हटले नव्हते. पण ती चालूच ठेवा, असेही म्हटले नाही. तेवढे एक वाक्य बोलायचे राहिले.

आण्णांनी आपला हिशोब केला. पोरगा शिकलेला, त्यानं झाडपाल्याचं आणलंय, रक्ताचंच औषध आहे. मग त्या इंग्रजी गोळ्या कशाला, त्या म्हणे गरम पडतात. गोळी बंद केली आणि आम्हाला कोणाला सांगितले नाही. तब्येतीत काही फरकही पडला नाही. वाढलेल्या रक्तदाबाने बहुधा काही दुखतही नाही, खुपतही नाही.

अडीच महिन्यांनी एका सकाळी चहाची बशी त्यांच्या हातातून पडली. तोंड एका बाजूला ओढले गेले. आई म्हणाली, पित्त झालं असंल. शेजाऱ्यांनी तेल चोळले. मी फिरतीवर होतो. फोन लागेपर्यंत आणि गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि विचारले, "गोळी कधीपासून बंद आहे?" तेव्हा आईने उशाखालचे न फोडलेले गोळ्यांचे पाकीट आणि अर्धी झालेली ब्राह्मीची बाटली, दोन्ही पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

आण्णा वाचले. उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. ब्राह्मीने त्यांना लकवा झाला असे मी म्हणत नाही, डॉक्टरही तसे म्हणाले नाहीत. ब्राह्मीच्या भरवशावर बंद केलेल्या गोळीने घात केला. आणि तो भरवसा मी दिला होता.

प्रवाह कशाने टिकतो?

गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेच्या अभ्यासकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची २०११ ते २०१३ या दोन वर्षांत नोंद केली. सर्वांत जास्त मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, सातांत एक. लकवा हा शहरातल्या, बैठे काम करणाऱ्या माणसाचा रोग आहे हा समज त्या आकड्यांनी खोटा ठरवला.

याला पुरावा असलेला उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. रक्तदाब मोजणे आणि गोळी न चुकवणे. "ऐंशी वर्सं झाली, आता कशाला गोळ्या?" असे अनेक जण म्हणतात. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. ८० वर्षांवरच्या ३८४५ रुग्णांवर अनेक देशांत मिळून तो झाला, २००८ साली निकाल आला. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांत पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेत ५० वर्षांवरच्या ९३६१ जणांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचा निकाल २०१९ साली आला. रक्तदाब काटेकोर ताब्यात ठेवलेल्यांमध्ये स्मरणशक्ती मंदावण्याचे सुरुवातीचे प्रकार कमी आढळले. पूर्ण स्मृतिभ्रंश टळतो का हे त्यातून ठामपणे सिद्ध झाले नाही. पण जिंकोच्या तुलनेत हा पुरावा कितीतरी भक्कम आहे. रक्तदाब किती खाली आणायचा हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. तो फार उतरला तर म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन पडायची भीती असते.

यापुढे घरात ही पथ्ये पाळा:

१. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तपासणी मोफत होते. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्यापुढे निघाला तर डॉक्टरांकडे जावे.

२. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. पिकावर कीड दिसत नाही म्हणून कामगंध सापळा आपण काढून टाकत नाही.

३. तंबाखू, मिसरी, बिडी सोडावी. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ बेताने खावेत. शेतातले काम सुटले तरी रोज चालणे सोडू नये.

४. चूर्ण, काढा, कॅप्सूल काहीही घेत असाल तर डॉक्टरांना बाटली दाखवावी. लपवू नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जिंकोने रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे सांगणे फारच गरजेचे.

५. तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर त्याच क्षणी १०८ क्रमांकाला फोन करावा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवावी. रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही डोके तपासायचे सीटी स्कॅन यंत्र असलेल्या दवाखान्यात. तेल चोळण्यात वेळ घालवू नये. तोंडाने पाणी, चूर्ण, काढा काही देऊ नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

पिकवणाऱ्यासाठी

आता तरुण मित्राचा प्रश्न. ब्राह्मी लावावी का? लावता येते. ओल धरणारी जमीन, भरपूर शेणखत आणि पाण्याची सोय असेल तर पीक अवघड नाही. जून-जुलैमध्ये पेऱ्यांसह दांड्यांचे तुकडे साधारण १० बाय १० सेंटिमीटर अंतरावर लावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणी करतात. बुडखा चार-पाच सेंटिमीटर राखून कापले की खोडव्याला फुटवा येतो. पाला सावलीत, स्वच्छ जागी वाळवावा. सुरुवातीची खुरपणी महत्त्वाची, कारण हे पीक जमिनीलगत पसरते आणि तण मिसळले की मालाचा भाव जातो. तणनाशक मारू नये. लखनौच्या सीमॅप संस्थेने प्रज्ञाशक्ती, सुबोधक, सीआयएम-जागृती अशा जाती दिल्या आहेत. रोपांबद्दल राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानात चौकशी करावी.

पण गटारीच्या पाण्यावर मात्र ब्राह्मी लावू नका. याचे कारण नीट समजून घ्या. ब्राह्मी पाण्यातले आणि मातीतले जड धातू ओढून घेते आणि अंगात साठवते. तिचा हा गुण इतका जोरदार आहे की दूषित पाणी शुद्ध करायला तिचा वापर करता येईल का, यावर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत प्रयोग झाले. तांबे आणि कॅडमियम ती पाण्यातून उचलते हे १९९० सालीच दाखवले गेले आहे. गटारीच्या कडेला ब्राह्मी फोफावते, पाला काळाभोर हिरवा दिसतो, आणि आत शिसे, कॅडमियम भरलेले असू शकते. धुऊन ते जात नाही. वाळवून किंवा उकळूनही जात नाही. ते धातू म्हाताऱ्या माणसाच्या पोटात जातात. शिसे तर मेंदूचे आणि रक्तदाबाचे वैरीच आहे. ज्याने मेंदू सुधारावा म्हणून पैसे मोजले, त्याच्या मेंदूला आपणच विष पुरवायचे.

ही नुसती शंका नाही. अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या परिसरातल्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादने घेऊन तपासली, तेव्हा त्यांतल्या १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले, असा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. आयुर्वेदिक औषधकोशाने घालून दिलेल्या मर्यादा अशा आहेत: दहा लाख भागांत शिसे १०, अर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग. कंपनीने माल तपासला आणि तो या मर्यादेबाहेर गेला, तर अख्खी खेप परत येते. मग ना पैसा, ना पत.

म्हणून गटार, कारखान्याचे सांडपाणी, कचऱ्याचे आगार यांच्यापासून दूरची जमीन निवडावी. विहिरीचे पाणी आणि माती आधी प्रयोगशाळेत तपासावी, आणि तपासणी अर्जात जड धातूंचा उल्लेख मुद्दाम करावा, कारण नेहमीच्या माती परीक्षणात शिसे, कॅडमियम येत नाहीत.

पैशाच्या बाबतीतही सावध राहावे. कोणी महागडी रोपे देऊन "माल आम्हीच उचलू" असे म्हणत असेल तर आधी करार लेखी करून घ्या. सफेद मुसळीच्या वेळी हा धडा अनेकांनी पैसे मोजून घेतला आहे. पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांपलीकडे जाऊ नका. पाच किलो ओला पाला स्वतः वाळवून वजन किती उतरते ते बघा आणि त्यावर हिशोब मांडा. ओल्या मालाच्या आकड्यांवर स्वप्ने बांधू नका.

सरपंच आणि ग्रामसेवक यांना विनंती

आठवडा बाजारात जीपमधून कर्णा लावून मेंदूची, लकव्याची, रक्तदाबाची हमखास औषधे विकायला माणसे येतात. लकवा आणि रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. बाटलीवर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, शास्त्रीय नाव नसेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. ग्रामसभेच्या दिवशी उपकेंद्राच्या ताईंना बोलावून चावडीवर किंवा शाळेत रक्तदाब मोजायची सोय केली, तर सभेला गर्दीही होईल आणि गावाचे कामही होईल. गावाचे सांडपाणी ज्यांच्या शेतात जाते त्यांच्या अडचणीकडेही पंचायतीने बघावे. त्या पाण्यावर खाण्याचा पाला पिकू नये, ही जबाबदारी एकट्या शेतकऱ्याची नाही.

पावसाळा संपता संपता मी त्या गावी पुन्हा गेलो. तरुण शेतकऱ्याला पाराजवळ गाठून गटारीच्या पाण्याचे सगळे सांगितले. तो म्हणाला, "न्हाईतरी कंपनीच घेनार हुती की सायब." मी विचारले, "त्यातली पुडी तुमच्या आईला द्याल?" तो गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "वरल्या हिरीखाली दोन गुंठं हायती. तितलं पानी तपासून बघू."

तात्यांना उपकेंद्रात घेऊन गेलो. रक्तदाब १७० च्या वर निघाला. त्यांच्याकडेही गोळ्या होत्या, तीन महिने न फोडलेल्या. ताईंनी त्याच दिवशी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. निघताना त्यांनी बाटली पुढे केली आणि विचारले, "मग ही टाकून दिऊ?" मी म्हटले, "तात्या, ते डॉक्टरला दाखवून विचारा. गोळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. माझ्या सांगण्यावरून तर नाहीच नाही."

आमचे आण्णा अजून डाव्या हाताने जेवतात. सकाळची गोळी मात्र आता स्वतः आठवणीने मागून घेतात.